मारोतरावांबद्दल एक खरं वाक्य

दिग्रसमध्ये माणूस गेला की आधी लाकडांची सोय बघतात आणि मग पुंडलिकराव मास्तरांची. सरण पेटलं की मंडळी स्मशानातल्या टिनाच्या शेडखाली बसतात आणि शोकसभा सुरू होते. गेलेला माणूस कसाही असो, चार वक्ते उठून त्याला मनमिळाऊ, दानशूर आणि मितभाषी करून टाकतात. शेवटी मास्तर उठतात, तेव्हा लोक सरसावून बसतात. कारण मास्तर खोटं बोलत नाहीत आणि मेलेल्याला वाईटही म्हणत नाहीत. या दोन्हींच्या मधून वाट काढताना त्यांची जी कसरत होते, ती बघायला काही जण नातं नसतानाही मयतीला जातात, असं म्हणतात. जन्मभर हात आखडून जगलेल्या एका दालमिलवाल्याबद्दल मास्तर म्हणाले होते, "त्यांच्या घरी अन्नाचा कण कधी वाया गेला नाही." आणि एका कजाग म्हातारीबद्दल, "या बाई होत्या तोवर गल्लीत कुणाला एकटं वाटलं नाही."

त्यामुळे मारोतराव गेल्याची बातमी आली, तेव्हा इंदुताईंनी चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"आता कसं करता जी?"

मास्तरांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मारोतराव म्हणजे सोपं प्रकरण नव्हतं. दर नांगरटीला त्यांचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, शेजाऱ्याच्या शेतात हातभर सरके. उसनी नेलेली वस्तू त्यांच्या घरातून परत निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तीन शेजाऱ्यांवर त्यांचे तहसिलीत अर्ज होते आणि चौथा खुद्द मास्तरांवर, नालीच्या पाण्यावरून.

नऊच्या सुमारास दारात दीपा उभी राहिली. मारोतरावांची एकुलती एक लेक, एसटीत कंडक्टर. सातवीत मास्तरांच्याच वर्गात होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज गाडीतल्यासारखाच, मागच्या सीटपर्यंत जाणारा.

"सर, आज तुम्ही बोलसान ना?"

"बोलीन ना बाई."

"मंग एकच मागनं आहे. बाबाबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगा. बनवून नको. बनवणारे लय आहेत. अन् ते तुमचं असते ना, अन्नाचा कण वाया गेला नाही, तेही नको."

मास्तर ओशाळले. आपली कसरत लोकांना कळते हे त्यांना माहीत होतं, पण आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

"पहाटपासून आठवून राह्यली मी," दीपा म्हणाली. "मले एक नाही आठवली. भांडण आठवते, अर्ज आठवते. अग्नी मले द्यायचा आहे, सर. देऊन घरी जातानी हातात काहीतरी पाहिजे ना."

मास्तरांनी मान हलवली. ती गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण हो म्हणून बसलो आहोत.

चारला मयत निघणार होती. मास्तर चप्पल घालून बसस्टँडजवळ नासिरभाईंच्या दुकानात गेले. नासिरभाई मोटरपंप दुरुस्त करतात आणि तालुक्यातल्या अर्ध्या शेतकऱ्यांना त्यांच्या विहिरीवरून ओळखतात.

"नासिरभाई, मारोतरावांबद्दल काही चांगलं सांगता का?"

"आदमी गेला मास्तर, अच्छाच होता," नासिरभाई लगेच म्हणाले. मग पंपाचं झाकण हातात धरून विचारात पडले. "माहा बावीसचा पाना नेला होता त्यानं. नऊ साल झाले."

"हे चांगलं झालं का?"

"ऐका ना. हरवला नाही त्यानं. दर साली पोळ्याले घरी गेलो का काढून दाखवे. 'पाहा नासिर, कसा तेल लावून ठेवला.' अन् पुन्हा ठेवून देये."

मास्तरांना हसू आलं, पण हे चालणार नव्हतं. 'मारोतराव दुसऱ्याची वस्तू जिवापाड जपत' हे वाक्य त्यांच्या डोक्यात आपोआप जुळलंसुद्धा होतं. त्यांनी ते खोडलं.

घरी आले तर इंदुताई ज्वारी निवडत होत्या. "लहानपणी तुमच्याच शाळेत होते ना ते? तवाचं काही आठवत नाही काय?"

मास्तरांनी सुपातले दोन दाणे उचलले आणि उगाच बोटांत फिरवत बसले. अठ्ठेचाळीस वर्षं हा चेहरा वाचलेल्या इंदुताईंनी सूप बाजूला ठेवलं.

"आहे काहीतरी. सांगा."

होतं. एकसष्ट साली, चौथीत असताना घडलेलं. डिप्टीसाहेब शाळा तपासायला येणार म्हणून गुरुजींनी महाराष्ट्राचा कोरा करकरीत नकाशा आणला होता. मधल्या सुट्टीत पुंडलिक तो बघायला गेला आणि टेबलावरची दौत लवंडली. यवतमाळपासून चांद्यापर्यंत समुद्र पसरला. गुरुजी छडी घेऊन आले आणि कुणी विचारायच्या आत पुंडलिकचं बोट मारोतकडे गेलं. मारोतच का, तर त्या वर्गात बोट दाखवायचं झालं की मारोतकडेच दाखवायची रीत होती. मारोतनं सात छड्या खाल्ल्या आणि तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी त्यानं पुंडलिकला बाभळीखाली गाठलं. "मी पाह्यलं तुले. कोणाले सांगत नाही. पण उद्यापासून माह्या पाटीवरचे गणितं तू करजो. अन् भाकरीसंगं गूळ आणजो."

हे सातवीपर्यंत चाललं. तीन वर्षं पुंडलिकनं दोघांची गणितं केली आणि गूळ न लावता भाकरी खाल्ली. त्या तीन वर्षांत त्यानं ठरवलं की आता खोटं बोलायचं नाही. त्यात थोरपणा काही नव्हता. खोटं जिभेवर आलं की गणितं लिहिणारी बोटं दुखायची, एवढंच. पुढे गणितं सुटली आणि सवय राहिली. सवय पुरेशी जुनी झाली की लोक तिला तत्त्व म्हणू लागतात. निवृत्तीच्या सत्कारात मास्तरांनी दोनशे माणसांपुढे सांगितलं होतं की हे सारं वडिलांच्या शिस्तीतून आणि ग्रंथांच्या वाचनातून आलं. त्या दिवशी बोटं दुखल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माह्या सासऱ्याचं नाव फुकटच घेत होते?"

"तसं नाही..."

"मी पोरायले सांगत आली, नातवंडायले सांगत आली, का आपल्या घराण्याचे संस्कार आहेत. अन् निघाला मारोतरावाचा गूळ!" त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मास्तरांचं तोंड बघून थांबल्या.

"सांगू का तिथं?" मास्तरांनी विचारलं.

"मले कायले विचारता? खरं बोलणं तुमचं काम. मी तं गरजेपुरतंच खरं बोलणारी बाई आहो."

"लोक हसतील."

"हसतीलच."

साडेपाचला शेडखाली शोकसभा सुरू झाली. दीपानं अग्नी दिला होता आणि ती ओल्या केसांनी खांबाशी उभी होती. बाजार समितीचे एक माजी संचालक उठले आणि मारोतरावांना अजातशत्रू म्हणाले, तेव्हा अर्ज झालेले तिन्ही शेजारी एकमेकांकडे बघू लागले. दुसऱ्यानं दानशूर म्हटलं. नासिरभाई छपराचे टिन मोजू लागले.

मग मास्तर उठले.

"मला मारोतरावांबद्दल एकच सांगायचं आहे," ते म्हणाले, "आणि ते सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल." मग त्यांनी नकाशा सांगितला, दौत सांगितली, बोट सांगितलं. गणितं आणि गूळही सांगितला. सत्काराच्या भाषणातलं खोटं त्यांनी गाळायचं ठरवलं होतं, पण तेही बोलून गेले.

अर्ज झालेले तिन्ही शेजारी आता मास्तरांकडे बघू लागले.

"तुम्ही सर्वांनी पाहिलं असेल, मी कुठेही सत्यावर बोलायला लागलो की मारोतराव मागच्या रांगेत खोकायचे. तुम्हाला वाटायचं बिडीचा खोकला आहे."

"हात् तेच्या!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी शेड हसली. स्मशान आहे हे ध्यानात आल्यावर लोक गप्प झाले, पण नासिरभाईंना हसू आवरेना. ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

"आम्ही नालीवरून भांडलो," मास्तर म्हणाले. "त्यांनी माझ्यावर अर्ज केला. त्यांच्या एका वाक्यात माझी पंचाईत झाली असती. साठावर वर्षं ते वाक्य त्यांच्याजवळ होतं. ते खोकले, पण बोलले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी पाळला. आणि मी जो काही खरं बोलणारा झालो असेन, तो कुठल्या पोथीनं नाही, या माणसानं केला. त्यांच्या मनात तसं नव्हतं. पण केलं त्यांनीच."

आणखी काही म्हणायला हवं का, हे त्यांना कळेना, म्हणून ते खाली बसले. दोन मिनिटं मौन झालं. माणसं उठू लागली. कुणी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी तोंड चुकवून गेलं, एकानं हळूच विचारलं, "गूळ कितीक लागे जी?"

दीपा जवळ आली. तिचा चेहरा हसल्याचा की रडल्याचा, हे मास्तरांना ओळखू येईना.

"सातच छड्या, सर? मोजून?"

"मोजून सात."

"अन् बाबा रडले नाहीत?"

नाही म्हणणं मास्तरांना किती सोपं होतं आणि किती शोभलं असतं.

"रडला," ते म्हणाले. "लय रडला. नाक गळेपर्यंत. सदऱ्याच्या बाहीनं पुसत होता."

दीपानं चितेकडे पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मले वाटे, त्यायले रडता येतच नव्हतं."