दारापुरता रस्ता

मंगरूळपीरच्या पलीकडं टेंभुरखेड नावाचं गाव आहे. तिथं घडलं ते खोटं वाटलं, तर खुशाल वाटू द्या. सरकारनं गावाला विचारलं होतं, एसटी, दवाखाना, रस्ता पाहिजे, की त्याऐवजी माणशी दरमहा रोख? ग्रामसभेत इंद्रभान छाती ठोकून म्हणाला, रोख. ज्याले जे लागंल ते त्यानं विकत घ्यावं, दुसऱ्याच्या एसटीचा खर्च आपून कायले सोसाचा?

रोख आली. एसटी गेली, नर्सबाई गेली, रस्ता नाल्यानं नेला. मग इंद्रभाननं आपल्या दारापुरता सिमेंटचा रस्ता केला. शेजारच्या वहाब टेलरनं त्याहून वीतभर उंच केला, म्हणजे पाणी इंद्रभानच्या ओट्यावर. इंद्रभाननं आणखी थर चढवला. सारं गावच मग इरेला पेटलं. होता होता लोक खिडकीतून घरात उतरू लागले आणि एक म्हैस वहाबच्या टिनाच्या छपरावर रवंथ करताना सापडली.

अशात इंद्रभानच्या सुनेला, योगिनीला, कळा सुरू झाल्या. काळीपिवळी जीप डांबरी सडकेवरच थांबली. ही गाडी आहे, बोकड नाही, असं ड्रायव्हरनं कळवलं. योगिनीला बाजेवर घातलं. ज्याची हद्द त्यानं तिथवर बाज न्यायची आणि पुढच्याच्या हवाली करायची. शेवटचं घर संपलं, बाज टेकली. पुढं सडकेपर्यंत नुसता चिखल.

"हा तुकडा कोनाचा?" इंद्रभाननं विचारलं.

कोणाचाच नव्हता. त्यानं पैसे देऊ केले. पण पैसे सगळ्यांकडंच होते. चिखलात उतरायची गरज कोणालाच नव्हती.

योगिनी उठून बसली. "मामाजी, तुमच्या नोटा अंथरा खाली. त्याच्यावरून जाते मी."

नोटा तर मोबाइलात होत्या. वहाबच्या बायकोनं, लतीफानं, चपला भिरकावल्या, योगिनीचा दंड धरला, आणि दोघी चिखल तुडवत निघाल्या. मागं सारे बापे रिकामी बाज घेऊन, जीपचं भाडं कोणी द्यायचं यावर भांडत.

मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात नातू झाला. इंद्रभान ऐटीत मोबाइल काढून सिस्टरपुढं उभा राहिला. किती द्यायचे?

काही नाही, ती म्हणाली. इथं बाळंतपण फुकट असतं.

"मंग आमच्या गावात हे काहून नाही?" इंद्रभान तिच्यावरच डाफरला.

लतीफा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. "भाऊ, आता नातवाचेबी पैसे सुरू होतीन," ती म्हणाली. "दवाखाना विकत देता काय, इचारून घ्या."

इंद्रभाननं खरंच विचारलं.