सोपानरावांचं सुवर्णपदक

मी सोपानरावांचं सुवर्णपदक बोलतोय. पिंपरीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात, लुगड्यांच्या घडीखाली, मखमली डबीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म १९६४ सालचा. सोपानराव औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी न्यूमोनियावर एक नवं इंजेक्शन शोधून काढलं, म्हणून एका विज्ञान परिषदेनं मला त्यांच्या हाती दिलं. घरी आलो, तर त्यांची सात वर्षांची रंभा मला गळ्यात अडकवून सगळ्या कॉलनीत मिरवली. "माझ्या बाबांनी औषध केलंय!" तिची आई गिरजाबाई मागून ओरडत होत्या, "अगं, पाडशील!" पण हसत होत्या.

पुढच्याच थंडीत रंभाला न्यूमोनिया झाला. दवाखान्यात सुई बघून ती रडायला लागली. पुढचं मी गिरजाबाईंच्या तोंडून ऐकलं. सोपानरावांनी तिचा हात धरला. "घाबरू नकोस, बाळा. आपलंच औषध आहे ना हे?"

ती लगेच गप्प झाली. सुई टोचून घेतली. आणि थोड्याच वेळात तिचा श्वास कोंडला. हजारोंना तारणारं औषध तिच्या अंगाला सोसलं नाही. डॉक्टरांनी पुष्कळ धडपड केली, पण रंभा गेली. चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे कुणावर रागावताही येईना.

सुतक फिटल्यावर सोपानराव कामावर निघाले, तेव्हा गिरजाबाई दारात उभ्या राहिल्या. "अहो, तुमचे पाय तरी कसे वळतात तिकडे?"

"कुणाला सोसणार नाही, हे आधी कळायला हवं, गिरजा. नाहीतर अजून कुणाची तरी..."

गिरजाबाई बाजूला झाल्या. निवृत्त होईपर्यंत सोपानराव त्याच शोधात होते. खात्रीचा उपाय काही हाती लागला नाही.

एकदा कासारवाडीहून सोजरबाई आपल्या लेकीला घेऊन आल्या. "सायेब, तुमच्या सुईनं माझी पोर उठली बगा." मुलगी पाया पडली. सोपानराव तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. गिरजाबाईंनी तिला लाडू दिला आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, रडून घेतलं.

गेल्या वर्षी, १९८१ साली, सोपानराव गेले. परवा कारखान्यातली माणसं आली. मला तिथल्या दालनात मांडायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. गिरजाबाईंनी मला पदरानं पुसलं, मग विचारलं, "खाली काय लिहिणार?"

"साहेबांचं नाव, औषधाचं नाव, आणि किती माणसं वाचली ते."

"आणि आमची रंभा?"

एक जण हळूच म्हणाला, "वहिनी, तसं लिहीत नाहीत हो."

"मग राहू द्या."

गिरजाबाई थकल्या आहेत. त्यांच्यामागे मी कुणाच्या हाती जाईन, ठाऊक नाही. कपाटात मांडा, नाहीतर सोनाराकडे वितळवा. माझी तक्रार नाही. सोपानराव मोठे होते, हे खुशाल सांगा. फक्त ते सुखी होते, असं कुणी सांगू नका.