डावा पाय

विज्माने तारेच्या जाळीखालून संवेदना तपासायचा नायलॉनचा केस वर सरकवला आणि उंदराच्या डाव्या पंजाला टेकवला. केस वाकला. पंजा हलला नाही.

तिने त्याहून जाड केस घेतला, मग त्याहूनही जाड. एवढ्याने एरवी कुठलाही उंदीर पाय झटकतो, वर पंजा चाटत बसतो. हा सतरा नंबरचा मात्र शांतपणे मिशा पुसत होता.

"आज उंदरांना सुट्टी दिलीस वाटतं?" राइटिस दारात कॉफीचा कप घेऊन उभा होता. औषधाचे रेणू तो वरच्या मजल्यावर बनवायचा. या खोलीत यायचा तो फक्त गप्पा मारायला.

"हा पाय उचलत नाहीये."

"मग झकासच की, दुखत नाही म्हणजे! त्याच्यासाठीच तर नऊ वर्षं घासतोय आपण."

"उजवा नाही, राइटिस. डावा."

राइटिसने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. नागिणीचा विषाणू टोचला होता तो उजव्या पायात. दुखणे होते ते उजव्या पायात. डावा पाय पहिल्या दिवसापासून धडधाकट होता, आणि औषध बंद करून आता तीन आठवडे झाले होते.

"मोजण्यात काही चूक असेल."

"तीनदा मोजलंय. औषध दिलेल्या आठांपैकी सहा असेच आहेत. गेल्या आठवड्यात दोनच होते."

राइटिसने कप खाली ठेवला. "म्हाताऱ्या प्रोफेसरला तूच सांग बाई," तो म्हणाला. "सोमवारच्या तोंडावर मला त्याच्या शिव्या खायच्या नाहीत."

सोमवारी शहरातल्या इस्पितळात चाळीस जणांना पहिली गोळी मिळायची होती. सगळे नागिणीतून उठलेले. फोड कधीच वाळले होते, पण आतली आग विझली नव्हती. त्यांतली एक बाई अंगावरची चादर उचलून धरायला रात्रभर नवऱ्याला जागवायची. विज्मा तिला भेटली होती. निघताना बाईने विचारले होते, "सोमवार नक्की ना?" आणि विज्माने मान डोलावली होती.

प्रोफेसर ओयार्स स्ट्रेलिस यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खिडकीबाहेर दौगावा नदी गोठून पांढरी पडली होती आणि बर्फावर मासे धरणारे दोघे-तिघे आपापल्या पेटीवर पाठ वाकवून बसले होते. प्रोफेसर किटलीपाशी उभे होते.

"ये, ये. लिंडनच्या फुलांचा चहा करतोय. बायकोने गावाकडून आणलीत."

अंगात त्यांच्या जाडजूड लोकरी स्वेटर होता. विज्माला ते बरे वाटले. गेल्या हिवाळ्यात त्यांना स्वतःलाच नागीण झाली होती, उजव्या बरगड्यांवर. महिनोन् महिने त्यांना साधा सदरासुद्धा सोसवत नव्हता. व्याख्यान देताना ते कापड दोन बोटांनी अंगापासून दूर धरून ठेवायचे.

तिने वही उघडून आकडे दाखवले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"आठ उंदीर. आठ उंदरांवर मी चाळीस माणसं थांबवू?"

"दोनाचे सहा झालेत, प्रोफेसर. आणि औषध बंद असताना."

"पुन्हा कर प्रयोग. मार्चमध्ये कर."

"आणि सोमवार?"

"सोमवार सोमवारी बघू. विज्मा, मी बहात्तर वर्षांचा आहे. मला पुन्हा नऊ वर्षं कोण देणार? तू देणार?"

बोलता बोलता ते पेल्यात पाणी ओतत होते. डाव्या हातात पेला होता. पाणी काठाशी आले, काठावरून त्यांच्या बोटांवर आले आणि वाफ काढत मनगटाकडे ओघळले. ते बोलतच होते. बोटे लालबुंद होत गेली. त्यांनी पेला सावकाश टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला.

"साखर घालू?"

विज्मा उठली. तिने त्यांचा हात धरून नळाखाली नेला आणि गार पाणी सोडले. तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे पाहिले. हात सोडवून घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

"आपलं औषध कधीपासून घेत होतात?" तिने विचारले.

"ऑक्टोबरपासून. तूच सांग, कपाटात ते असताना मी काय बरगड्या धरून रडत बसायचं होतं?" ते जरा हसले. "पहिल्या आठवड्यातच झोपलो ग. सात तास. बायको घाबरून उठवायला आली."

"अजून घेताय?"

"नाताळला थांबवलं. दुखत नव्हतं, मग कशाला?"

पाणी वाहत राहिले. भाजलेल्या बोटांवर कातडी सुटायला लागली होती.

"आणि हे?"

"मानेचा मणका असेल म्हटलं. वय झालं." त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. "रोज सकाळी दाढी करताना सुईने टोचून बघतो. आणि रोज मणका, मणका म्हणतो. तू ती वही आणेपर्यंत चाललं होतं ते."

तिने नळ बंद केला, हाताला स्वच्छ रुमाल गुंडाळला. मग टेबलावरचा फोन उचलून त्यांच्यासमोर ठेवला.

"तुम्ही करता की मी करू?"

त्यांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी उजव्या हाताने नंबर फिरवला. इस्पितळातल्या डॉक्टरांशी ते दोन मिनिटे बोलले, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. सोमवारचे रद्द करा, म्हणाले. हो, सगळ्यांचेच. कारण लेखी पाठवतो. पलीकडून बरेच काही बोलले गेले. ते फक्त "हो," "हो," म्हणत राहिले आणि फोन खाली ठेवला.

विज्माने वहीचे कोरे पान काढले. पेन हातात घेतले.

"सुरुवात कुठून झाली?"

"करंगळीपासून. जानेवारीत."

"आणि काल कुठपर्यंत होतं?"

"कोपरापर्यंत."

तिने लिहून घेतले.

"आज?"

प्रोफेसरांनी उजव्या हाताचे बोट कोपरावरून वर, डाव्या खांद्यापर्यंत नेले. मग त्याच एका हाताने ते स्वेटर डोक्यावरून काढू लागले.