तो कार्यक्रम होता

जोयड्याच्या 'वनराई सेवा क्लब'ची मासिक बैठक वेळेवर सुरू झाली असं कुणी सांगितलं, तर खुशाल समजावं की सांगणारा या गावचा नव्हे. गुंदची गाडी यायची, दिग्गीची जीप यायची, मग पोहे यायचे, आणि पोहे संपता संपता सेक्रेटरी महाबळेश्वर मास्तर उठून घसा साफ करायचे. सुरुवात नेहमी सदस्यवार्तेनं. कुणाच्या मुलाला धारवाडला नोकरी लागली, कुणाला नात झाली, कुणाच्या लग्नाचा रौप्यमहोत्सव. टाळ्या. मग डोळे तपासणी, रेनकोट वाटप, वृक्षारोपण. गेल्या वर्षी लावलेल्या रोपांचं काय झालं हे विचारायचं नसतं. सेवेला असले प्रश्न मानवत नाहीत.

तरी नुसतीच नावं ठेवायला मी बसले नाही. रस्ता खचला होता त्या पावसात याच मंडळींनी एका बाळंतिणीला खांद्यावरून दवाखान्यात पोचवलं होतं. माणसं वाईट नाहीत. वाईट माणसांची गोष्ट सांगायला मला एवढी शाई खर्च करावी लागली नसती.

त्या दिवशी मास्तरांनी वाचलं, "आपल्या अध्यक्षा सौ. शिल्पाताई यांची कन्या चि. सौ. कां. प्राजक्ता हिचा विवाह खानापूरच्या घराण्यात ठरला आहे. सर्व सदस्यांना अगत्याचं आमंत्रण." टाळ्यांत सगळ्यात मोठी टाळी मागच्या खुर्चीवरच्या फुलाची होती.

फुला मूळची गुंदची सून. नवरा गुरुदास जीप उलटून गेला. तिसऱ्या दिवशी थोरल्या जावेनं, चंद्रानं, तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, आणि पुढं वर्षभर फुला घरातल्या घरात पाहुण्यासारखी वावरली. तेव्हा क्लबनं 'सन्मान कुंकवाचा' हा कार्यक्रम घेतला. जोयड्यात मांडव, माईक, बेळगावचा फोटोग्राफर. क्लबच्या अध्यक्षा शिल्पाअक्कांनी भर सभेत फुलाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आजपासून ही माझी धाकटी बहीण आहे." बायका रडल्या. फोटो पेपरात आला. क्लबला जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, तो अजून शिल्पाअक्कांच्या दिवाणखान्यात आहे.

फुलाला काय मिळालं? गुंदला परत गेली तेव्हा चंद्रानं दारातच अडवलं.

"त्या लोकांचं काय जातंय, फुले? फोटू काढून जातील. हितं ऱ्हायाचं आपल्याला हाय. पूस ते."

"न्हाई पुसत, वैनी."

"मग माझ्या नातवाच्या बारशाला येऊ नको. दुसऱ्या दिवशी ये, जेवून जा."

फुला दुसऱ्या दिवशीही गेली नाही. जोयड्यात एक खोली घेतली, शिलाई मशीन मांडलं. सख्खा भाऊसुद्धा राखीला आला नाही. तरी रोज आंघोळ झाली की आरशासमोर उभी राहून ती कुंकू लावायची. शेजारीण म्हणायची, एवढं सोसवतं कसं? फुला हसून म्हणायची, "शिल्पाअक्का हायत की माझ्या पाठीशी."

एका माणसाच्या भरवशावर बाई सगळ्या गावाशी वाकडं घेते, ते असं.

लग्नघर म्हणजे शिल्पाअक्कांचं रामनगरचं घर. फुला दुकान बंद करून आधीच जाऊन राहिली. नवरीची पोलकी शिवली, रुखवत मांडलं, लाडू वळले. प्राजक्ता तिला मावशी म्हणायची. "मावशी, ह्या बाहीला अजून एक टीप घाल गं, नाचताना उसवंल." फुला म्हणायची, "नाच तर खरं, उसवली तर मी हाय." आल्यागेल्याला शिल्पाअक्का सांगत, "ही माझी धाकटी बहीण हाय." सभेत 'आहे' म्हणणाऱ्या अक्का घरात 'हाय' म्हणत, आणि फुलाला ते फार आवडे. आपण घरातलेच झालो, असं तिला वाटे.

घाणा भरायच्या वेळी, म्हणजे सवाष्णींनी मुसळाला हात लावायच्या वेळी, अक्कांनी तिला बाजारातून नारळ आणायला धाडलं. नारळ कोठीच्या खोलीत पोतंभर होते. फुलानं ते पाहिले होते. पण लग्नघरात नारळ कितीही लागतात, असं म्हणून ती पिशवी घेऊन गेली. भोळी म्हणा, नाहीतर बहिणीवर संशय घ्यायची सवय नव्हती म्हणा.

मग हळदीचा दिवस आला. खानापूरहून मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. नवरदेवाला लावून उरलेली ही हळद नवरीला लावायची, तीही पाच सवाष्णींनी. पुढारपण मुलाच्या आत्याकडे, अश्विनीबाईंकडे. बाई मोकळ्या, आवाज खणखणीत. चौघीजणी उठल्या.

"आणि पाचवी कोण ओ?" अश्विनीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. दारात चहाचा ट्रे घेऊन फुला उभी होती, कपाळभर कुंकू. "तुमी या की ओ बाई. दारात काय उभ्या ऱ्हायलाय?"

फुलानं शिल्पाअक्कांकडं पाहिलं. अक्का मान हलवतील, याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पुढं झाली. पाटावरच्या प्राजक्तानं तिच्याकडं बघून गाल पुढं केला. फुलाची बोटं वाटीपर्यंत पोचली, आणि शिल्पाअक्कांनी वाटी उचलून घेतली.

"ती नको."

"का ओ?" अश्विनीबाई म्हणाल्या.

"ती... कामाला आलीया."

"असू दे की. कामाची बाई म्हणून काय झालं? सवाष्ण हाय न्हवं?"

बघा, कशी पंचाईत. पाहुणीबाई शिल्पाअक्कांपेक्षा मोठ्या मनाची निघाली. मोलकरीण तिला चालत होती. मग अक्कांना ते सगळ्यांसमोर म्हणावंच लागलं.

"न्हाई. नवरा न्हाई तिला."

अश्विनीबाईंचा चेहरा उतरला. फुलाकडं आणि तिच्या कपाळाकडं त्यांनी असं पाहिलं, जणू तिनं काही चोरलं होतं. मांडवात क्लबच्या पाच-सहा बायका होत्या. पुरस्कार घ्यायला स्टेजवर उभ्या होत्या त्याच. एकीनंही तोंड उघडलं नाही. एक तर पोरीला शू करवायच्या निमित्तानं उठून गेली, आणि पोर जागीच राहिली.

अक्कांनी फुलाला दंडाला धरून कोठीच्या खोलीत नेलं.

"कपाळ पूस, फुले."

फुलाला ऐकू आलं, पण कळलं नाही. "काय?"

"आजच्या दिवस पूस. उद्या लाव परत, मी कुठं न्हाई म्हणतो? तुझं कपाळ बघून पाव्हणे फसायलेत."

"फसायलेत?" फुला म्हणाली. "अक्का, तुमीच लावलंय न्हवं हे? सगळ्या जोयड्यासमोर लावलंय न्हवं?"

"तो कार्यक्रम होता गं. हे माझ्या पोरीचं लगीन हाय." अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. "उद्या काय बरं-वाईट झालं तिचं, तर कुणाला बोल लावू मी?"

"मला लावशिला. दुसरं कुणाला?"

अक्का पुढं झाल्या. स्वतःच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी हात फुलाच्या कपाळाकडं नेला. तोच हात. फुलानं मनगट धरलं. आयुष्यात ती कुणाशी अशी वागली नव्हती.

"हात लावू नका मला."

ती कोठीतून परसदारानं जाऊ शकली असती. अक्कांनी तिकडंच बोट दाखवलं होतं. फुला मांडवातून गेली, भरल्या बायकांमधून, कपाळावर कुंकू घेऊन. प्राजक्तानं तिला पाहिलं आणि खाली बघितलं. मावशी म्हणणारी पोर खाली बघते, तेव्हा आत काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पाचवी कुणीतरी मिळाली होती. हळद लागत होती.

बसमध्ये फुला रडली. हळद लावायला मिळाली नाही म्हणून नव्हे. चंद्रावैनी खरी ठरली म्हणून. चंद्रानं निदान दारात उभं राहून तोंडावर सांगितलं होतं, येऊ नको म्हणून. बहीण म्हणवून नारळाला धाडलं नव्हतं. ज्या बाईसाठी आपण सगळं गणगोत तोडलं, तिनं आपल्याला फोटोपुरतंच धरलं होतं, हे तिला त्या गाडीत कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. करंड्याकडं हात जाईना. कुंकू कुणाचं होतं, आपलं की क्लबचं? शेवटी तिनं लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं ते कुणाच्या भरवशावर न राहता लावलं.

पुढच्या बैठकीत मास्तरांनी सदस्यवार्ता वाचली. अध्यक्षांच्या कन्येचा विवाह थाटात पार पडल्याबद्दल अभिनंदन. टाळ्या. मग पुढचा उपक्रम, 'सन्मान कुंकवाचा', यंदा दिग्गीत. तिथं रक्षिता नावाची तेवीस वर्षांची पोर आहे, तिचा नवरा झाडावरून पडून गेला. बैठक सुटल्यावर शिल्पाअक्का फुलाजवळ आल्या.

"मनाला लावून घेऊ नको गं. लग्नाच्या गडबडीत माणूस काय बी बोलतं. दिग्गीला मात्र ये. तू बोललीस की बायकांना पटतं."

"येतो की," फुला म्हणाली.

अक्कांना वाटलं, मिटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी क्लबच्या गाडीची वाट न बघता फुला सकाळीच जीपनं दिग्गीला गेली. रक्षिता ओसरीवर बसली होती. सासू सुपात तांदूळ पाखडत होती. फुलानं दोघींना सगळं सांगितलं. जोयड्याचा मांडव, गुंदचं दार, रामनगरची हळद, काही वगळलं नाही. सासूचं सूप थांबलं.

"मग येऊ नको म्हणतासा?" रक्षितानं विचारलं.

"मी काय बी म्हणत न्हाई. तुला लावायचं हाय का, ते सांग."

क्लबवाले दोनदा येऊन गेले होते. साडी कुठली नेसायची ते सांगितलं होतं, कुठं उभं राहायचं ते सांगितलं होतं. हे एक कुणी विचारलं नव्हतं.

"हाय," ती हळूच म्हणाली.

"मग आपल्या हातानं लाव. घरात लाव, सासूच्या म्होरं. तिला पटत नसंल तर आजच भांडून घे. स्टेजवर गोड बोलणारा माणूस हितं भांडायला येत न्हाई, ते मी बघून आलोय."

सासू उठली. सूप बाजूला ठेवून आत गेली, आणि फुलाला वाटलं, आता दार लागतंय. म्हातारी करंडा घेऊन बाहेर आली. सुनेच्या पुढ्यात ठेवला आणि परत पाखडायला बसली.

दुपारी शाळेच्या मैदानावर सगळी दिग्गी जमली. शिल्पाअक्कांचं भाषण झालं, चांगलं झालं. मग त्यांनी तबक घेतलं आणि रक्षिताला पुढं बोलावलं. रक्षिता आली. कपाळावर कुंकू होतं.

अक्कांचं बोट कुंकवात बुडालेलं होतं, त्याला जायला जागा नव्हती. फोटोग्राफर ओंकार कॅमेरा डोळ्याला लावूनच म्हणाला, "ताई, आधीच लावलं व्हय? जरा पुसा की. अक्का परत लावतील. फोटोपुरतं."

अक्कांनी सवयीनं पदराचं टोक पुढं केलं.

"न्हाई," रक्षिता म्हणाली.

पहिल्या रांगेतून फुला उठली. तिला माईक लागला नाही.

"अक्का, फोटो काढायचाच असला तर तुमच्या घरात पुढचं कार्य निघंल तवा काढा. तिला बोलवा, मला बोलवा, हळदीची वाटी हातात द्या. आमी दोघी येतो."

शिल्पाअक्कांनी तबक खाली ठेवलं. पण यंदा तुमच्याही घरी लग्न असेल. मग ती वाटी तुम्ही द्या.