चौथा चिमटा

सयाजीरावांनी बॉनेट वर करून दांडी अडकवली आणि लगेच दोन पावलं मागे सरले. मागच्या सीटवर नवनाथ काठी गुडघ्यांत धरून बसला होता. पिंपरीच्या दवाखान्यात दहा वाजता त्याच्या छातीची तपासणी होती. दोन महिने थांबून मिळालेली तारीख, आणि गाडी नुसती टकटक करत होती.

"बॅटरी बसली," सयाजीराव म्हणाले.

शेजारची निशिगंधा चाकणला कंपनीत निघाली होती. तिनं आपली गाडी समोर आणली, बंपरला बंपर टेकणार नाही अशी उभी करून बंद केली आणि डिकीतून बॅटरी जोडायच्या, टोकांना चिमटे असलेल्या केबल काढून दिल्या. मी स्टार्ट करते काका, पण ते चिमटे तुम्हीच लावा, म्हणाली.

फाटकापाशी कुसुमताई नवनाथचा डबा घेऊन उभ्या होत्या. केबल नवऱ्याच्या हातात बघून त्यांचं पाऊल तिथंच थबकलं. अडतीस वर्षांत सयाजीरावांनी असल्या केबलला हात लावला नव्हता. गल्लीत कुणाची गाडी अडली की ते लांब उभे राहून सांगत. आधी लाल, मग काळी. आणि चौथा चिमटा बॅटरीला न्हाई, बॉडीला. बॉडी म्हणजे बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाचं उघडं लोखंड, बॅटरीपासून लांबचं. बॅटरीतून वायू निघतो. जवळ ठिणगी पडली तर ती फुटते.

तशी एक फुटली होती. तेव्हा चिखलीत ज्वारीची शेतं होती, सकाळच्या भोंग्यावर घरोघरी डबे भरले जात आणि सयाजी-नवनाथ एकाच सायकलवरून वर्कशॉपला जात. एका दुपारी नवनाथच्या डोळ्यांत बॅटरीचं तेजाब उडालं आणि दृष्टी गेली. सयाजी त्या वेळी कँटीनमध्ये चहा घेत होते. नवनाथ एकटाच होता, चौथा चिमटा त्यानं थेट बॅटरीला लावला. साहेबांसमोर सयाजींनी हेच सांगितलं, घरी येऊन कुसुमताईंनाही. चूक कामगाराची, म्हणून मालकानं हात वर केले. नवनाथ त्यावर काही बोलला नाही.

दुसऱ्या महिन्यापासून त्याच्याकडे डबा जाऊ लागला. सयाजीराव स्वतः नेऊन देत, पावसात, तापातसुद्धा. सख्खा भाऊ एवढं करत नाही, असं कुसुमताई नवनाथच्या बायकोला, कस्तुराला, कौतुकानं सांगत. कस्तुरा रिकामा डबा घासून परत देई.

"सयाजी, मुहूर्त बघतोस काय?" नवनाथनं आतून विचारलं. "तिथं पोचेपर्यंत छाती आपली आपण बरी व्हायची."

निशिगंधा हसली. सयाजीराव हसले नाहीत.

पहिला लाल चिमटा त्यांच्या गाडीच्या बॅटरीवर बसला. दुसरा निशिगंधाच्या बॅटरीवर. मग काळा, तोही तिच्याच बॅटरीवर. प्रत्येक आवाजाला नवनाथचं बोट काठीवर एकदा आपटत होतं. तीनदा आपटलं आणि वर उचललेलं राहिलं.

चौथा चिमटा सयाजीरावांच्या हातात होता. त्यांनी तो एका बोल्टवर घासून पाहिला. बोल्टला गंज होता. दुसऱ्यावर रंग. निशिगंधानं घड्याळ पाहिलं. घासण्याचा आवाज थांबला. कपाळावरचा घाम त्यांनी दंडाला पुसला, आणि मग त्यांचा हात बॅटरीकडे वळला. चुकून नव्हे, वाट माहीत असल्यासारखा.

कुसुमताई फाटकातून एक पाऊल पुढे आल्या.

"सयाजी," नवनाथ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "या वेळी बॉडीला लाव."

हात हवेत थांबला. सयाजीरावांनी मान वर केली नाही. खिशातून किल्ली काढून ते बोल्टवरचा गंज खरवडू लागले. बराच वेळ, लोखंड चकाकेपर्यंत. मग चिमटा तिथं बसला. नवनाथचं बोट खाली आलं.

निशिगंधानं आपली गाडी चालू केली. पाच मिनिटांनी दुसरीही घरघरली. सयाजीरावांनी चिमटे उलट्या क्रमानं काढले, बॉनेट लावलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. आरशात त्यांनी पाहिलं नाही.

कुसुमताई मागच्या दाराशी आल्या. नवनाथनं हात पुढे केला.

"वहिनी, आज काय?"

"मेथी," त्या म्हणाल्या.

त्याच्या बोटांना डब्याची कडी सापडली. कुसुमताईंची मूठ मात्र कडीवर तशीच होती. पुढच्या सीटच्या वर दिसणारी नवऱ्याची मान त्या बघत राहिल्या.

"सोडा वहिनी," नवनाथ हलकेच म्हणाला. "उशीर होतोय."