बाण पडतो तो दोरीपायी

बाण पुन्हा पडला.

एटेलनं दोरी गालापर्यंत ओढली होती. सोडायच्या आतच बाणाची खाच दोरीवरून निसटली अन् बाण पायाशी गवतात. मागं बाकावर बसलेले शिकारमंडळाचे गडी खो खो हसले. त्यातल्या फेरेन्कनं पालिंका दारूचा ग्लास उंच धरला. "एटेलमावशी, जमिनीला नेम बरोब्बर बसला बघ!"

बाकोन्यच्या डोंगरातल्या त्या गावात दर सप्टेंबरला ही परीक्षा. पेंढ्याच्या डुकरावर तीन बाण. एक तरी छातीवर आखलेल्या रेघेच्या आत गेला तर वर्षभर शिकारीला मोकळीक. नाहीतर ओढ्याकाठचं एटेलचं मचाण वेंडेलच्या जावयाला मिळणार, हे गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. वेंडेल मंडळाचा अध्यक्ष, आणि एटेलचा धाकटा दीर.

दोन बाण वाया गेलेले.

"वहिनी, बास कर आता," वेंडेल जवळ येऊन हळूच म्हणाला. "हात थरथरतोय तुझा. सगळ्यांना दिसतंय."

"थरथरतोच. तो हात माझा," एटेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पण बाण पडतो तो दोरीपायी. नीट करून घेते, मग मारते तिसरा."

शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गुलाशचा मटणरस्सा ढवळलेली बाई. तिनं तिथंच गवतात फतकल मारली. धनुष्य आडवं मांडीवर घेतलं, बाण दोरीत अडकवून खाली लोंबता सोडला. नुसता लोंबून राहायला पाहिजे, टिचकी मारली की पडायला पाहिजे. हा टिचकीआधीच पडला. दोरीच्या मध्यावरचं दोऱ्याचं वेटोळं वर्षानुवर्षं बोटं लागून झिजलेलं. दोरी बारीक, खाच सैल.

पिशवीत हात घालून तिनं चपटी डबी काढली. दातांच्या डॉक्टरनं दिलेला, फटी साफ करायचा मेणाचा दोरा.

"वहिनी, तुझी तर कवळी आहे!"

"म्हणूनच डबी भरलेली आहे."

आता हसू वेंडेलच्या वाट्याला आलं. एटेल गुंडाळायला लागली. बोटं थरथरत होती, वेटोळं घसरत होतं. वेंडेलला बघवेना. "आण इकडं, मी गुंडाळतो."

"हात लावून तर बघ."

त्यानं हात मागं घेतला.

पहिल्यांदा वेटोळं जाड झालं, खाच चढेचना. दामटली असती तर बाणाचं बूड फाटलं असतं. तिनं सगळं उकललं, पुन्हा सुरुवात केली. बाकावरचे गडी एकेक करून भोवती येऊन उभे राहिले. कढईतला गुलाश निवला, कुणी वाढून घेतला नाही. शेवटी बाण लोंबून राहिला. टिचकी मारली, पडला.

"हं," म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

दोरी ओढली. बाणाचं टोक डुकराच्या पाठीवरून पोटाकडं, पोटावरून पाठीकडं हेलकावत राहिलं. ती थांबली. टोक खाली उतरता उतरता तिनं दोरी सोडली. बाण रेघेच्या जेमतेम बोटभर आत घुसला.

वेंडेल वाकून दोनदा बघून आला.

"आत आहे," फेरेन्क म्हणाला. "चष्मा देऊ का, अध्यक्ष?"

ऑक्टोबरात ओढ्याकाठी एटेलनं तीन डुकरं लांब होती म्हणून जाऊ दिली. चौथं अगदी मचाणाखाली आलं, ते एका बाणात पडलं.

रीतीप्रमाणं शिकाऱ्याच्या मानाची म्हणून वेंडेलनं ओकची डहाळी मोडली, जनावराच्या रक्तात बुडवली. डोक्यावरची टोपी काढली, डहाळी टोपीवर ठेवून पुढं केली. गडी भोवती उभे होते.

एरवी एटेल तो थरथरता हात खिशात ठेवायची. आज तिनं तोच पुढं केला. डहाळीची पानं तिच्या बोटांत सळसळायला लागली. ती आपल्या टोपीच्या पट्टीत खोवायला गेली, हुकली. पुन्हा हुकली. वेंडेलचा हात आपसूक पुढं झाला, आणि त्याचा त्यानंच मागं घेतला.

डहाळी पट्टीत नीट बसेपर्यंत तो तसाच थंडीत उघड्या डोक्यानं उभा राहिला.