माघारीचा हुकूम

आमच्या जनरलसाहेबांनी उभ्या नोकरीत कधी माघारीचा हुकूम दिला नव्हता. त्यावरच ते कॅप्टनचे जनरल झाले. मी त्यांचा चीफ ऑफ स्टाफ. त्यांच्या हट्टापायी माझे अर्धे केस गेले आणि उरलेले पांढरे झाले.

त्या दुपारी शत्रूने उत्तरेकडची फळी फोडली. नदीपलीकडे आमची एक ब्रिगेड होती आणि तिचा ब्रिगेडियर साहेबांचा सख्खा भाचा. अंधार पडायच्या आत ती पूल ओलांडून आली नाही, तर कोंडली जाणार होती. इकडे राजधानीतून मंत्र्यांनी फोनवर बजावलं होतं, की एक पाऊलही मागे घेऊ नका, लष्करप्रमुखपद तुमचंच आहे.

मी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, की आता अडून बसलात तर पोरं हकनाक मरतील. शेवटी साहेबांनी वायरलेस ओढला आणि स्वतः हुकूम दिला, सगळे मागे या.

"कोण बोलतंय?" भाच्याने विचारलं.

शत्रूच्या हाती आमचे सांकेतिक शब्द लागले होते आणि खोटे हुकूम येत होते. साहेबांनी हुद्दा सांगितला. भाच्याने पुन्हा तेच विचारलं. गणवेशात मामा-भाचा हे नातं नाही, हा साहेबांचाच कडक नियम. पण अडला हरी! ते म्हणाले, "अरे, मी मामा बोलतोय."

तिथेच सगळं फिसकटलं.

"आवाज हुबेहूब काढलात," भाचा म्हणाला. "पण आमचे साहेब मेले तरी असं बोलणार नाहीत." त्याने सेट बंद केला.

साहेबांनी टोपी उचलली आणि ड्रायव्हरलाही न घेता जीप काढली. पुलावर तोफगोळे पडत होते. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नको, मला आजही कळत नाही.

दिवस मावळता मावळता ट्रक येऊ लागले. सर्वांत शेवटी जीप आली. ती पार होताच आम्ही पूल उडवला. तोवर राजधानीतून फोन येऊन गेला होता, की साहेबांना पदावरून काढलं आहे. मी तो निरोप दिला.

भाचा खाली मान घालून उभा होता. "साहेब, मी तुम्हाला ओळखलं नाही."

"कसा ओळखशील?" ते म्हणाले. "तुझ्याशी मामासारखं कधी बोललोच नाही मी."